मिनिटभर गप्प बसा

आमच्या फडताळाच्या वरच्या खणात तीन ठोकळे आहेत. टीव्हीवाले माइकच्या दांड्यात अडकवतात ते, चारी बाजूंना कार्यक्रमाचं नाव असलेले. एक बदामी रंगाचा, त्यावर साध्या निळ्या अक्षरांत ‘सात दिन देहात’. दुसरा पिवळाधमक, ‘देहात एक्सप्रेस’. तिसरा काळा, त्यावर लाल अक्षरं, आणि अक्षरांना खाली ओघळ काढलेले: ‘देहात की दहशत’. बदामी ठोकळ्यात माझी बायको सुनंदा सेफ्टीपिना ठेवते. पिवळ्यात नातीचे खडू असतात. काळा रिकामाच आहे. त्यात काही ठेवावं असं घरात अजून कुणाला वाटलेलं नाही.

तुमच्या अंकाच्या संपादकबाई फोनवर म्हणाल्या, “काका, टीव्हीतले गमतीदार किस्से लिहा. झाशीत राहून असं काम केलेला मराठी माणूस विरळा.” किस्से आहेत, दोन-तीन देतोही. पण सध्या माझ्या डोक्यात एकच गोष्ट आहे आणि ती गमतीची नाही. शिवाय माझ्या मराठीला सांभाळून घ्या. आमचे पूर्वज इकडे दफ्तर सांभाळायला आले ते इथेच राहिले. घरात आम्ही अजून माजघर आणि फडताळ म्हणतो आणि लगेच पुढच्या वाक्यात ‘अच्छा, ठीक है’ म्हणून मोकळे होतो. मुलीला मराठी सगळी कळते, उत्तर मात्र हिंदीत येतं.

तर, मी स्ट्रिंगर होतो. हा शब्द बाहेरच्यांना सांगावा लागतो. स्ट्रिंगर म्हणजे वाहिनीचं ओळखपत्र गळ्यात असलेला, पण वाहिनीच्या हजेरीपटावर नाव नसलेला माणूस. कचेरी दिल्लीला, आपण आपल्या गावात. कॅमेरा आपला, मोटरसायकल आपली, ओळखी आपल्या. बातमी चांगली गेली तर ती वाहिनीची, आणि कुणी मारायला आलं तर आपण स्वतंत्र व्यावसायिक.

वाहिनीचा ‘सात दिन’ नावाचा मोठा कार्यक्रम होता. रविवारी संध्याकाळी तासभर, आठवड्याचा सगळा लेखाजोखा. लोक वेळ साधून बघायचे. त्यातून फुटून एक धाकटी पाती निघाली, ‘सात दिन देहात’. देहात म्हणजे खेडी; शनिवारी अर्धा तास, फक्त लहान गावं आणि कसबे. दिल्लीच्या कचेरीत त्याला ‘छोटा सात दिन’ म्हणायचे, जरा हिणवूनच. तो काढला मेहरा साहेबांनी. मेहरा साहेब म्हणजे किरकोळ अंगाचे, हळू बोलणारे निर्माते. ते बोलायला लागले की फोन कानात दाबून धरावा लागे.

कार्यक्रमाचा एक रिवाज होता आणि तोच त्याचा प्राण होता. कॅमेरा चालवणारा प्रत्येक जण मुलाखत संपल्यावर अर्धं मिनिट खोलीतला नुसता आवाज घेऊन ठेवतो. पंख्याची घरघर, बाहेरची सायकलची घंटी, असं काहीबाही. पुढे तुकडे जोडताना तो आवाज खाली पसरला की सांधा कळत नाही. मेहरा साहेब म्हणाले, अर्धं नाही, पूर्ण मिनिट घ्या, आणि माणसाला उठवू नका, कॅमेरा त्याच्या चेहऱ्यावर ठेवा. “बोलते वक़्त आदमी वही कहता है जो उसने सोच रखा है, शशि. बोल चुकने के बाद का चेहरा लाओ.” ते मिनिट कार्यक्रमाच्या शेवटी अख्खं दाखवायचं. संगीत नाही, निवेदन नाही, खाली फक्त नाव आणि गाव.

पहिल्या शनिवारी आमच्या आत्याला वाटलं टीव्ही बिघडला. तिनं उठून त्याच्या पाठीवर दोन थापा मारल्या.

हे मिनिट घेणं वाटतं तितकं सोपं नव्हतं. माणसाला गप्प बसवून पाहा एकदा. इलाइट चौराह्यावरच्या एका नगरसेवकांना बसवलं, ते अकरा सेकंद टिकले. मला, म्हणजे इथल्यांच्या पंडितजींना, म्हणाले, “पंडितजी, एक मिनट में तो हम दो वादे कर देते हैं.” निवृत्त झालेले एक स्टेशनमास्तर होते, त्यांनी घड्याळाकडे एकदाही न बघता बरोबर साठाव्या सेकंदाला उठून हात जोडले. लक्ष्मी गेटजवळ ढोलक मढवणारे एक म्हातारे मियाँजी होते. त्यांचा चेहरा दगडासारखा गप्प, पण मांडीवर बोटं चालूच. मी कॅमेरा हळूच खाली बोटांवर नेला. मेहरा साहेबांनी त्या दिवशी आपण होऊन फोन केला आणि नेहमीपेक्षा मोठ्यानं बोलले.

हळूहळू मला त्याची हातोटी आली. घाबरलेल्या माणसाला मी एकच सांगायचो. कॅमेरा लावायचा, बाजूला उभं राहायचं, दिसेल असं, आणि म्हणायचं, “बस एक मिनट चुप बैठिए. कुछ मत कीजिए. मैं यहीं हूँ.” शेवटचे तीन शब्द महत्त्वाचे. ते ऐकल्यावर माणसाचे खांदे खाली यायचे. माझ्या कामात मला अभिमान वाटावा असं काही असेल तर ते हेच, की शेकडो लोक माझ्या शब्दावर माझ्यासमोर उघडे बसले.

चिरगाँवची फूलवती त्यांतलीच. कानपूर रस्त्यावर बाजाराच्या तोंडाशी घर, पुढच्या खोलीत तिचं ब्लाउज शिवायचं दुकान. नवरा पलीकडच्या एका खडी क्रशरवर कामाला होता. दगडाची भुकटी छातीत जाऊन जाऊन तो खोकत खोकत गेला. डॉक्टरच्या चिठ्ठीत क्षय लिहिलं होतं, मालक म्हणत होता दारू. अशाच तिघी विधवा बोलायला तयार झाल्या होत्या. आदल्या दिवशी दोघींनी नाही म्हणून सांगितलं. फूलवती बोलली. शिवणयंत्रामागे बसून तिनं सगळं सांगितलं, नवऱ्याची राखाडी थुंकी, रात्री उशी भिंतीला टेकवून बसून झोपणं, मालकाचा माणूस अंत्यविधीला येऊन कागदावर अंगठा मागत होता ते. रडली नाही. मग मी म्हणालो, मिनिटभर गप्प बसा, मी इथेच आहे.

ती बसली. मध्येच पदराचं टोक नीट केलं, यंत्राच्या चाकावर हात ठेवला, आणि शेवटी सरळ भिंगात बघत राहिली. मी कॅमेऱ्यामागे होतो आणि मला तिच्याकडे बघवेना. मेहरा साहेबांनी त्यातली एक चौकटही कापली नाही.

तो भाग लागल्यावर क्रशरवर धूळ दाबायला पाण्याचे फवारे बसले, काही महिने चाललेही. पण मला सांगायचंय ते टेपवरच्या चिठ्ठीबद्दल. तेव्हा टेप दिल्लीला गाडीतून ओळखीच्या माणसाच्या हाती जायची. वाटेत कुणीही पाकीट उघडून बघू शकत होतं, आणि क्रशरवाल्याची माणसं स्टेशनापासून तहसिलीपर्यंत होती. कार्यक्रम लागायच्या आत कोण बोललं ते फुटलं असतं तर तिचं काही खरं नव्हतं. म्हणून मी चिठ्ठीवर नाव घातलं नाही. नुसतं लिहिलं: ‘मौन. स्त्री. घर के भीतर. एक मिनट.’ नाव फोनवर कळवलं. मेहरा साहेब म्हणाले, शाबास, हे डोकं चालवलंस. मग अशा सगळ्या बायकांच्या टेपांना मी तसंच लिहू लागलो. कार्यक्रम लागून गेल्यावर चिठ्ठ्या बदलायला हव्या होत्या, नाव-गाव घालायला हवं होतं. ते राहून गेलं. माझ्याकडच्या प्रतींवरही तीच चिठ्ठी राहिली. आपण कुणाला तरी जपतोय याचाच मला इतका आनंद होता की पुढचं सुचलंच नाही.

मग मेहरा साहेबांना ‘सल्लागार’ केलं. आमच्या धंद्यात सल्लागार केलं की समजावं, खुर्ची दाराकडे सरकली. दोन महिन्यांत ते घरी बसले आणि मला कुरियरनं पिवळा ठोकळा आला. ‘देहात एक्सप्रेस’. सोबत पत्र: कार्यक्रम आता ताजा, तरुण आणि वेगवान. मिनिटाचे पंधरा सेकंद झाले, खाली बासरी आली. पंधराचे पाच झाले. मग एका शनिवारी ते नव्हतंच, त्या जागी पुढच्या भागाची झलक. मी फोन उचलून विचारायला हवं होतं. नाही विचारलं. मुलगी बाहेरगावी शिकत होती, गावात कलेक्टर नावानं ओळखत होते, लग्नाकार्यात लोक पुढची खुर्ची देत होते. मूग गिळून बसलो.

काळा ठोकळा आला तेव्हा तर मी हसलो. कार्यक्रम आता गावाकडच्या गुन्ह्यांचा झाला होता आणि तनिष्क नावाचा नवा निर्माता होता, हुशार, वागायला गोड, प्रत्येक वाक्यात सर. त्याचा पहिला फोन असा: “सर, झाँसी में कोई कुआँ है? गहरा?”

“किस ख़बर के लिए?”

“ख़बर देख लेंगे सर. गहरा होना चाहिए.”

ओळखीच्या एका माळ्याची विहीर होती, तिचं चित्रण करून पाठवलं. ती विहीर पुढे तीन वेगवेगळ्या राज्यांतल्या तीन खुनांत दिसली. माळ्यानं मला रस्त्यात अडवून विचारलं, “पंडितजी, हमाए कुआँ में तो मेंढक लौ नईं मरो. जे लासें कां सें आ रईं?” ज्या विहिरीत बेडूकही मेला नाही तिच्यातल्या प्रेतांचा हा किस्सा मी आमच्या महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत सांगितला. लोक पोट धरून हसले, मीही हसलो. संपादकबाई, तुम्हाला हवा होता तो गमतीदार किस्सा हाच. विहिरीला तक्रार करता येत नाही म्हणून तो गमतीदार आहे, एवढं मला तेव्हा कळायला हवं होतं.

काही दिवसांनी तनिष्कचा पुन्हा फोन. “सर, सुना है पुराने शो में चुप वाले शॉट होते थे. आपके पास कॉपी होगी? सारे भेज दीजिए. बहुत क़ीमती चीज़ है, लाइब्रेरी में रखेंगे.”

मला काय वाटलं सांगू? मला भरून आलं. इतक्या वर्षांनी कुणीतरी त्या मिनिटांची कदर केली असं वाटलं. चार दिवस संगणकासमोर बसून मी ती सगळी मिनिटं टेपांवरून उतरवली. स्टेशनमास्तर, मियाँजी, फूलवती. सुनंदा म्हणाली, “अहो, कशाला हवीत त्यांना ती? आता तर तुमच्या त्या कार्यक्रमात कुणी सेकंदभर गप्प नसतं.” मी म्हणालो, तुला नाही कळायचं. चिठ्ठ्या होत्या तशाच सोबत पाठवल्या.

तो कार्यक्रम मी स्वतः बघणं सोडलं होतं. त्यामुळे मला कळलं ते फूलवतीच्या फोनवरून. मुलाखतीच्या वेळी मी तिला माझा नंबर दिला होता, कधीही फोन करा म्हणून. तिनं तो जपून ठेवला होता आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा लावला.

“भैया, चिरगाँव सें फूलवती बोल रए. तुमने हमाओ मों फिर दिखाओ का टीवी पे?”

मी म्हणालो, नाही, तो कार्यक्रम तर बंद झाला.

“तो जे का है,” ती म्हणाली, आणि फोन दुसऱ्या फोनजवळ धरला. मला संगीत ऐकू आलं, आणि एक घोगरा आवाज: “देखिए इस औरत को. न आँसू, न पछतावा. क्या छिपा रही है यह चुप्पी?”

भाग होता नवऱ्याला वाटेतून दूर करणाऱ्या बायकांवर. कुठल्यातरी दुसऱ्याच जिल्ह्यातल्या बाईची बातमी, तिचं चित्र त्यांच्याकडे नव्हतं. लाइब्रेरीत ‘मौन, स्त्री’ शोधलं, फूलवती निघाली. आठ सेकंद. चेहऱ्याभोवती लाल वर्तुळ. कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरांत ‘प्रतीकात्मक’. पदर नीट करतानाची हालचाल तिथे हळू करून दाखवली होती, जणू पदरात काही लपवतेय.

मी दुसऱ्या दिवशी चिरगाँवला गेलो. दुकान उघडं होतं, पण दोरीवर एकही कपडा नव्हता. ब्लाउजचं माप द्यायला बाई आत येते, दार लोटून उभी राहते. त्या कामात विश्वास लागतो, आणि बायका येईनाशा झाल्या होत्या. त्याहून वाईट तिचा थोरला दीर. पुढची खोली आपल्याला हवी म्हणून तो बरीच वर्षं मागे लागला होता. त्यानं तो तुकडा फोनवर उतरवून घेतला होता आणि पानाच्या ठेल्यावर, बस थांब्यावर दाखवत फिरत होता. म्हणत होता, भाऊ धुळीनं गेला असं आम्ही समजत होतो, आता टीव्हीनंच सांगितलं. हिला घरात कशी ठेवायची?

मला वाटलं होतं ती चिडेल. ती नुसतं म्हणाली, “तुमने कई हती चुप बैठो, सो हम बैठ गए. बोलबे की कते तो बोल देते.”

बोला म्हणालो असतो तर बोललीच असती ती. मी सांगितलं, मी टीव्हीवरच दुरुस्ती करवून घेतो. ज्या तोंडानं बोलले त्याच तोंडानं सांगतील की ही बाई ती नव्हे.

“करवा दो,” ती म्हणाली. “हमें और कछू नईं चानें.”

तनिष्कनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. “सर, बुरा लगा सुनके. पर कोने में प्रतीकात्मक लिखा था.”

मी म्हटलं, तिच्या गावात तो कोपरा कुणी वाचलेला नाही. एका वाक्याचा खुलासा दाखवा.

“सर, दिक़्क़त ये है कि अगले महीने से शो का नाम बदल रहा है. ‘दहशत’ रहेगा ही नहीं. जो शो है ही नहीं, वो माफ़ी कैसे माँगेगा? और नया शो पहले ही दिन पुराने की ग़लती बताएगा तो अच्छा नहीं लगेगा ना.” मग म्हणाला, “वैसे सर, लेबल पे नाम होता तो हम लगाते ही नहीं. लेबल तो आपका ही था.”

मी रजिस्टर्ड पत्र पाठवलं. दोन महिन्यांनी छापील उत्तर आलं की या नावाचा कोणताही कार्यक्रम आमच्या वाहिनीवर सध्या प्रसारित होत नाही, तरी आपल्या तक्रारीची नोंद घेण्यात येत आहे. पुन्हा लिहिलं, नव्या नावानं. तोवर नवं नावही गुंडाळलं होतं. त्याचा ठोकळा माझ्यापर्यंत पोचलाच नाही, म्हणजे माझं कामही सुटलं. तनिष्क दुसऱ्या वाहिनीत गेला. शनिवारच्या त्या अर्ध्या तासात आता भविष्य सांगतात. ‘सात दिन’सुद्धा आता रविवारी तासभर आठ माणसांची आरडाओरड आहे. कार्यक्रम मेला याचं मला फारसं दुःख नाही. इतकी नावं बदलून, अंगावरची प्रत्येक गोष्ट झटकून तो मेला, आणि हिचा चेहरा मात्र फोनाफोनांत तसाच राहिला, याचा संताप आहे. अजूनही आहे.

शेवटी मेहरा साहेबांना फोन केला. आवाज आणखी बारीक झालाय. सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, “लेबल पर नाम क्यों नहीं था, शशि?” रागानं नाही, खरंच आठवत नव्हतं म्हणून. त्यांनी मला शाबास म्हटलं होतं ते मी त्यांना सांगितलं नाही.

मी पुन्हा चिरगाँवला गेलो आणि फूलवतीला सांगितलं की माझ्यानं काही झालं नाही. तिथे आता कुणी माणूसच नाही, ज्याला धरावं. ती एका जुन्या साडीला फॉल लावत होती, स्वतःच्याच. तिनं सुई खोचून ठेवली.

“वे नईं कैहें, तो तुम कै दो.”

“कहाँ? मेरे पास अब चैनल नहीं है.”

“इतै.” तिनं दारातल्या स्टुलाकडे बोट दाखवलं. “हाट के दिना इतै बैठो. जो निकरे, ऊसें कओ.”

आता माझ्या वयाचा, ओळखपत्र मिरवलेला माणूस एखाद्या ब्लाउजच्या दुकानाच्या दारात स्टुलावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला खुलासा देतोय, हे चित्र मला पेलेना. दोन आठवडी हाटांच्या दिवशी मी काहीतरी कारण काढून गेलोच नाही. तिसऱ्या वेळी सुनंदानं माझ्यासमोर डबा आणून ठेवला. “तुम्ही तिला सांगितलं होतंत ना, मी इथेच आहे म्हणून? मग जा.” एवढंच बोलली.

तेव्हापासून मी हाटाच्या दिवशी झाशीहून बस धरतो. लॅपटॉप नेतो, त्यात ती पूर्ण मुलाखत आहे, राखाडी थुंकीपासून अंगठ्यापर्यंत. दारात बसतो. लोक थांबतात, कारण पडद्यावर काही हलत असलं की लोक थांबतातच. मी पहिल्यापासून सांगतो. हे मी काढलं. ही नवऱ्याबद्दल बोलतेय. शेवटी गप्प बसलीय ती मी बसवली म्हणून. टीव्हीवाल्यांनी तेवढंच कापून दुसरीच्या नावावर लावलं. काही जण पूर्ण बघतात. क्रशरवरचा एक जुना मजूर बघता बघता मध्येच उठून गेला, नंतर परत आला आणि बायकोला घेऊन आला. तिनं माप दिलं. दीर पहिल्या दिवशी रस्त्यापलीकडे उभा राहून हसत होता, हल्ली दिसत नाही, पण त्याच्या फोनात तो तुकडा असणारच. दोरीवर आता चार-पाच कपडे असतात. पूर्वी पंधरा-वीस असायचे.

मागच्या हाटाला एक म्हातारी आली. डोक्यावर भाजीची टोपली, ती खाली ठेवून तिनं उकिडवं बसून सगळी मुलाखत पाहिली, मिनिटासकट. इतकं नीट कुणीच पाहिलं नव्हतं. मी माझं ठरलेलं सगळं सांगितलं. तिनं मान डोलावली.

“समझ गए. जा बिचारी तो चुप बैठी रई, काय कै तुमने बैठारी.”

“हाँ अम्मा, मैंने ही बिठाया था.”

“और तुमने ईसें कई हती कै हम इतईं हैं.”

‘मैं यहीं हूँ’ म्हणणारा तो आवाज टेपवर आहे, माझाच, मिनिट सुरू व्हायच्या आधीचा. मी इतक्या वेळा ते चालवलंय, पण तो कधी कानांत शिरला नव्हता.

“हाँ अम्मा, कहा था.”

“तो जब वे ईको मों काट-काट कें दिखा रए ते,” म्हातारीनं विचारलं, “तब तुम कां हते?”

तेव्हा मी कुठे होतो, हे विचारण्यात टोमणा नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं आणि टोपली उचलायची तिला घाई नव्हती. मला पिवळा ठोकळा आठवला, आणि न केलेला तो फोन. गणपतीतलं हसू आठवलं. मी गप्प बसलो. म्हातारी माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिली. आत फूलवती खाली मान घालून काज करत होती. तिनं सगळं ऐकलं होतं, आणि मला सोडवायला ती एक शब्दही बोलली नाही.